शिट्टी वाजली की थांबायचं

शिट्टी वाजली तसे सगळे थांबले. चलानकाका तेवढे थांबले नाहीत.

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कंपनीचा पॅकिंग हॉल संध्याकाळपुरता रिकामा केला होता. एरवी जिथे खोक्यांच्या थप्प्या लागत, तिथे आता कंपनीतली माणसं गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. हिशेब खात्यातल्या बाई खांबाला मिठी मारून उभ्या होत्या. खरेदीचे साहेब तर जमिनीवर चक्क उताणे झाले होते. जन्मात दुसऱ्याला बोलू न देणारा माणूस, पण आत्ता 'पाणी' एवढा शब्दही त्यांच्या तोंडून फुटत नव्हता. आणि या सगळ्या पडझडीच्या मधोमध चलानकाका सुटलेलं पोट सांभाळत जागच्या जागी धपाधप पळत होते.

"काका, शिट्टी वाजली! थांबा!"

"राहू दे, होतंय मला."

"होतंय का, हे मी विचारलंच नाही. थांबा म्हणजे थांबा."

काका नाइलाजाने थांबले. ही पोरगी त्यांच्या मुलीएवढी होती, पण गळ्यात शिट्टी अडकवली की तिच्यापुढे कंपनीच्या मालकाचंही काही चालत नसे. सगळे तिला पाठीमागे शिट्टीताई म्हणत. तिचं शास्त्र सोपं होतं. थोडा वेळ जीव तोडून मेहनत, मग शिट्टी, मग तेवढाच वेळ विसावा, की पुन्हा जीव तोडायचा. जिममध्ये तासभर रेंगाळण्यापेक्षा ही पाव तासाची झटापट जास्त कामाची, असं ती म्हणायची. पहिल्या आठवड्यात निम्मी कंपनी जिना उतरताना कठड्याला धरून आडवी चालत होती.

चलानकाका म्हणजे डिस्पॅचचे कारकून. गेटबाहेर पडणाऱ्या प्रत्येक ट्रकचं चलान त्यांच्या सहीने निघायचं, म्हणून हे नाव. पन्नाशी कधीच मागे पडली होती. उभा जन्म एका खुर्चीत गेला होता आणि त्या खुर्चीने आपलं भाडं त्यांच्या पायांकडून चोख वसूल केलं होतं.

हे व्यायामाचं खूळ निघालं ते वार्षिक तपासणीतून. डॉक्टरांनी कंपनीतल्या लोकांची पोटं, साखर आणि रक्तदाब पाहून कपाळाला हात लावला. मग एचआरच्या मॅडमनी शिट्टीताईला बोलावलं आणि तिच्याबरोबर एक मशीनही आलं. त्यावर अनवाणी उभं राहायचं, दोन मुठी धरायच्या, की ते शरीरात चरबी किती, स्नायू किती, पाणी किती, सगळं सांगून टाकायचं. लोकांनी त्याचं नाव 'चहाडखोर' ठेवलं. घरी बायकोपासून लपवलेलं सगळं तिथे चारचौघांत बाहेर पडत होतं.

शिट्टीताईचं म्हणणं, नुसत्या वजनाला काही अर्थ नाही, आतला ऐवज बघा. पण मॅडमना स्पर्धा घ्यायची होती आणि फळ्यावर लिहायला किलो सोपे पडतात. त्यामुळे ठरलं की ज्याचे जास्त किलो उतरतील त्याला चषक. खात्याखात्यांच्या तुकड्याही झाल्या. डिस्पॅच आणि खरेदी एका तुकडीत, तुकडीचे नायक अर्थातच खरेदीचे साहेब.

मशीनवरून उतरल्यावर प्रत्येकाने शिट्टीताईला एकच प्रश्न केला होता, "कमी कसं होईल?" काकांचा आकडा पाहून ती म्हणाली, "काका, वजन तसं फार नाही तुमचं. पण पायांत स्नायूच नाहीत हो."

काकांनी विचारलं, "वाढतात का ते? या वयात?"

तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "वाढतात. वेळ लागतो, पण वाढतात."

"मग माझं नाव लिहा," काका म्हणाले.

का, ते त्यांनी सांगितलं नाही.

काका तिसऱ्या मजल्यावर राहत. इमारत जुनी, लिफ्ट नाही. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली, घरात दोघंच. काकांच्या बायकोला पायांच्या नसांचा आजार जडला होता. घरात वॉकर धरून ती हिंडायची, फिरायची, स्वयंपाकही करायची, पण जिन्याची एक पायरी म्हणजे तिला डोंगर होता.

गेल्या वर्षी दवाखान्यातून परत येताना काकांनी तिला पाठीवर घेतलं. पहिला मजला सरला, दुसरा सरला. मध्ये ते कुठेही थांबले नाहीत. थांबलो तर पुन्हा पाय उचलायचा नाही, अशी त्यांना धास्ती होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये गुडघे दुमडले आणि ते तिला घेऊन मटकन पायरीवर बसले. कुणाला लागलं नाही. पण मग पहिल्या मजल्यावरचा कुलूपवाला धावत आला, त्याचे दोघे भाऊ आले, खुर्ची आली. तिला खुर्चीत बसवून, चादरीने बांधून त्यांनी वर नेलं. "डावीकडून घे रे! सांभाळ, कोपरा लागेल! जरा तिरकी कर!" सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली होती.

माणसं चांगली होती. कुलूपवाला जाताना म्हणालाही, "वहिनी, कधीही हाक मारा."

दार लागल्यावर ती म्हणाली, "कपाट नेतात तसं नेलं हो मला."

त्यानंतर ती खाली उतरलीच नाही. डॉक्टरांना घरी बोलवायची, पण कुलूपवाल्याला हाक मारायची नाही. काकांना त्या एका वाक्याने जे लागलं ते लागलंच. रात्रंदिवस ते वाक्य त्यांच्या कानात होतं, आणि त्यात आपल्यावर कुठे ठपका नाही याचंच त्यांना जास्त वाईट वाटायचं.

तिचं बाहेरचं जग म्हणजे गॅलरी. समोरच्या फुटपाथवर भाजीवालीची गाडी लागायची. ही वरून दोरीला परडी सोडायची, ती खालून भाजी भरायची आणि मग दोघींचं कडाक्याचं भांडण व्हायचं. हा कार्यक्रम रोजचा. अख्खी गल्ली ऐकायची.

"अगं, हे टोमॅटो आहेत की गेल्या जन्मीचं देणं?"

"वरून काय दिसतंय तुम्हाला? उंटावरून शेळ्या हाकताय!"

"एकदा खाली येऊ दे मला, मग दाखवते!"

"या की! कधीपासून नुसतं म्हणताय!"

एरवी ती यावर खळखळून हसायची. पण एका सुट्टीच्या दिवशी काका घरात होते आणि त्यांनी पाहिलं. 'या की' ऐकल्यावर ती हसली नाही. परडी ओढून घेतली, आत आली आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. त्याच आठवड्यात कंपनीत मशीन आलं.

व्यायामाचं त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. ओव्हरटाइम आहे म्हणाले. तिने शर्ट हुंगला.

"चलानं लिहून एवढा घाम येतो?"

"पंखा बंद होता."

"महिनाभर?"

शेवटी काकांनी कबूल केलं. नुसतं सांगून भागलं नाही, करूनही दाखवावं लागलं. स्वयंपाकघरात त्यांनी खाली वाकून, पाय मागे फेकून, उठून वर उडी मारली, तशी फळीवरची दोन पातेली खाली आली आणि खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी ठोकली. ती हसून हसून वॉकरवर ओणवी झाली. "या वयात बेडूक झालात हो!" म्हणाली. चषकासाठी चाललंय, असं काकांनी तिला सांगितलं. तिने ते खरं मानलं, निदान तसं दाखवलं.

विसाव्याच्या वेळी मात्र काका अजूनही ऐकत नव्हते. शिट्टीताईचं लक्ष नसलं की ते पळतच राहायचे. खरेदीचे साहेब यावर खूश होते. "बघा, याला म्हणतात जिद्द! शिका जरा काकांकडून!" आणि मग एका संध्याकाळी काकांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते सगळ्यांदेखत भिंतीला घासत खाली बसले.

शिट्टीताईने बाकीच्यांना घरी पाठवलं. काकांना पाणी दिलं, नाडी पाहिली, आणि समोर मांडी घालून बसली.

"आता सांगा. कुणाशी भांडताय तुम्ही? किलोंसाठी तर नक्कीच करत नाही आहात."

काकांना खोटं सुचलं नाही. जिना, खुर्ची, चादर, कपाट, सगळं त्यांनी सांगून टाकलं. 

"त्या दिवशी तुम्ही कुठे थांबला होतात?" तिने विचारलं.

"कुठेच नाही. तीन मजले एका दमात काढायचे होते."

"म्हणूनच पडलात, काका. थकल्यामुळे पडला नाहीत, न थांबल्यामुळे पडलात. थांबून पुन्हा उठायचं, याचीच तर सवय मी लावतेय तुम्हा सगळ्यांना. आणि तुम्ही नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं करताय!"

काका खजील होऊन हसले. आयुष्यभर त्यांनी थांबणाऱ्या माणसाला कामचुकार समजलं होतं. स्वतः जेवणाच्या सुट्टीतही चलानं लिहिणारा माणूस तो.

दुसऱ्या दिवसापासून शिट्टीताईने त्यांचा धडा बदलला. डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून आणायला लावली. मग गोदामाचा जिना, आणि पाठीवर पुठ्ठ्याच्या कातरणाचं पोतं. आधी अर्धं, मग भरलेलं, मग आत चार रिमं कागद घालून. एक जिना चढायचा, वळणावर थांबायचं, पोतं न उतरवता श्वास बसू द्यायचा आणि मगच पुढची पायरी. "ओझं पाठीवर असताना विसावा घेता आला पाहिजे," ती म्हणायची. सुरुवातीला काकांना थांबताना लाज वाटायची. जिन्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला ते उगाच, "हे आपलं, जरा..." असं काहीतरी सांगायचे. हळूहळू सांगणं बंद झालं. भूक वाढली, डाळ आणि अंडी ताटात आली, आणि एके दिवशी चपलेचा पट्टा लावायला ते खाली वाकले तेव्हा मध्ये पोट आलं नाही.

वजन मात्र हलेना. फळ्यावर सगळ्यांचे आकडे उतरत होते आणि काकांपुढचा आकडा जागेवर ठाण मांडून बसला होता. खरेदीच्या साहेबांचा पारा चढला.

"काका, तुमच्या एकट्यामुळे तुकडी मागे पडतेय! जेवता किती? मला बघा, उकडलेल्या कोबीवर आहे मी!"

"दिसतंय," काका म्हणाले. साहेबांचे गाल खरंच आत गेले होते आणि चिडचिड बाहेर आली होती.

शेवटच्या मोजणीला सगळी कंपनी हॉलमध्ये जमली. साहेबांनी आदल्या दिवसापासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. पाण्याचंही वजन असतं, हा शोध त्यांना लागला होता. काट्याने त्यांना न्याय दिला. कंपनीत सगळ्यांत जास्त किलो त्यांचेच उतरले होते. शिट्टीताईने चहाडखोराचा पडदा पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

"साहेब, चरबी थोडीच गेलीय. गेलेत ते स्नायू आणि पाणी. हे काही चांगलं नाही."

"ते राहू द्या हो. किलो लिहा, किलो!"

काकांची पाळी शेवटची. काटा जवळजवळ होता तिथेच. मॅडमनी फळ्यावर आकडा लिहिला आणि हॉलमध्ये खसखस पिकली. काका सपशेल शेवटचे आले होते. शिट्टीताई पडद्याकडे बघत होती. तिने काकांना बोटाने जवळ बोलावलं.

"चार किलो चरबी गेलीय, काका. आणि तीन किलो स्नायू आलेत, त्यातले बरेचसे पायांत. काट्याला हे कळत नाही. मला कळतं."

काकांना त्या शेवटच्या नंबराचं काहीच वाटलं नाही. उलट चषकाच्या टाळ्या त्यांनीच सगळ्यांत मोठ्याने वाजवल्या. साहेबांनी चषक डोक्यावर उंच धरला, फोटोसाठी हसले, आणि हसता हसताच त्यांचे डोळे फिरले. लोकांनी धरलं म्हणून बरं. त्यांना आडवं केलं, पाय उंच केले, घोट घोट पाणी पाजलं, तेव्हा ते भानावर आले. "मी ठीक आहे, चालतो मी," म्हणत उठले आणि पुन्हा खाली बसले. पायांत त्राणच नव्हतं. नर्सची खोली वरच्या मजल्यावर आणि त्या अरुंद जिन्यात स्ट्रेचर वळत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. आता कुणी, कुठून आणि कसं धरायचं, यावर जोरदार चर्चा सुरू झाली.

काका पुढे झाले आणि साहेबांकडे पाठ करून गुडघ्यांत वाकले.

"या," म्हणाले.

"अहो काका, तुम्हाला नाही जमायचं," साहेब पुटपुटले.

"गळ्याला नका धरू, खांदे धरा."

काका उठले. पाठीवर साहेब, साहेबांच्या हातात अजूनही चषक. वळणावर काका थांबले. खालून कुणीतरी ओरडलं, "दमले, दमले! धरा त्यांना!" शिट्टीताईने हात आडवा करून सगळ्यांना मागे ठेवलं. काकांनी सावकाश श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला, आणि उरलेला जिना चढून साहेबांना नर्सच्या पलंगावर अलगद उतरवलं. उकडलेल्या कोबीनंतरही साहेब काकांच्या बायकोपेक्षा चांगलेच जड होते. हे ध्यानात आलं तेव्हा काकांच्या तोंडभर असं काही हसू पसरलं की नर्सला वाटलं, चषक यांनाच मिळाला.

"काका," साहेब डोळे मिटूनच म्हणाले, "असं नेल्याचं फार कुठे बोलू नका."

"नाही बोलत," काका म्हणाले. उचलून नेलेल्या माणसाला काय वाटतं, ते त्यांना ठाऊक होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी काकांनी दाढी केली, बूट घातले आणि बायकोसमोर येऊन उभे राहिले.

"चल, खाली जाऊन येऊ."

ती भाजी निवडत होती. हात थांबले. "कुणाला बोलावलंय?"

"कुणालाही नाही."

तिने भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "चषकासाठी चाललंय म्हणत होतात ना?"

"चषक साहेबांना मिळाला. मी शेवटचा आलो."

"अस्सं," ती म्हणाली, आणि डोळे पुसायला तिला पदर सापडेना. मग तिने चांगली साडी नेसली, केस विंचरले. किल्ली स्वतःच्या मुठीत घेतली.

तिला पाठीवर घेऊन उतरताना काका प्रत्येक मजल्यावर थांबले. पहिल्यांदा थांबले तेव्हा तिचे हात खांद्यांवर आवळले गेले, दुसऱ्यांदा सैल पडले. गल्लीत ऊन होतं. भाजीवालीने पाहिलं आणि तिच्या हातातला तराजू तसाच राहिला. मग ती गाडीमागून धावत पुढे आली, स्वतःचं बसायचं स्टूल पदराने पुसलं आणि मांडलं.

"आलात? खरंच आलात?" म्हणाली. "खालून वाटता तेवढ्या लहान नाही हो तुम्ही."

"आणि तुझे टोमॅटो वरून दिसतात तेवढे लाल नाहीत. कुठून आणलेस गं हे?"

मग जे भांडण झालं ते गल्लीने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. एकेक टोमॅटो दाबून, उलटून, वास घेऊन बाजूला काढला गेला. वांग्यांचे देठ तपासले गेले. कोथिंबिरीवरून तर दोघी हातघाईवर आल्या. शेवटी भाजीवालीने मूठभर मिरच्या वर टाकल्या आणि, "घ्या, हरले मी!" म्हणत तिचा हात हातात धरला, तो बराच वेळ सोडला नाही. काका आपले बाजूला उभे राहून पाणी पीत होते. पिशवी खालीच ठेवायची आणि मागाहून परडीने वर घ्यायची, असं ठरलं.

खरी परीक्षा चढण्याची होती. पहिला मजला. थांबले. दुसरा मजला. थांबले. तिच्या छातीला त्यांची पाठ लागली होती, ती भात्यासारखी वर-खाली होत होती. तेवढ्यात वरून कुलूपवाला हत्यारांची पेटी घेऊन उतरला, तिसऱ्या मजल्यावर कुणाचं तरी कुलूप दुरुस्त करून. दोघांना पाहून तो घाईने दोन पायऱ्या खाली आला.

"अहो दादा! दमलात! थांबा, खुर्ची आणतो, भावांना हाक मारतो!"

"नको, भाऊजी," ती काकांच्या खांद्यावरून म्हणाली. आवाज तिचा गॅलरीतला होता, खणखणीत. "ते दमले नाहीत. थांबलेत."

 कुलूपवाल्याने पेटी छातीशी धरली आणि भिंतीला पाठ लावून वाट दिली.

काकांचा श्वास बसला. त्यांनी तिला जरा वर सावरून घेतलं आणि पाय उचलला. जिथे गेल्या वर्षी बसले होते ती पायरी आली आणि गेली. कुठली ते त्यांना ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. 

दारापाशी आल्यावर तिने त्यांच्या खांद्यावरून हात लांब केला आणि कुलूप स्वतः उघडलं. दार आत लोटलं.

"उतरवू?" काकांनी विचारलं.

"थांबा जरा," ती म्हणाली. वर्षभरात ती पहिल्यांदाच बाहेरून घरी येत होती. उंबऱ्याबाहेर, त्यांच्या पाठीवरून, तिने आपलं घर डोळे भरून बघून घेतलं.